अंबादासअण्णांचं जागं झाड

डिसेंबरातली सकाळ होती. मी गॅलरीत दात घासत उभा होतो, तेवढ्यात अंबादासअण्णा सायकलच्या कॅरियरवर बर्फाची लादी बांधून गल्लीत शिरले. लादीवर ओलं पोतं, पोत्यातून ठिबकणारं पाणी आणि अण्णांचा चेहरा पार उतरलेला. सोलापुरात ऐन थंडीत बर्फाची लादी घरी येते ती एकाच कारणासाठी, आणि ते कारण काही सरबताचं नसतं. मी तोंडातल्या फेसासकट खाली धावलो. जमेल तेवढा गंभीर होऊन विचारलं, "अण्णा, कोण?"

"झाड," अण्णा म्हणाले.

"गेलं?"

"जातंय कशाला? झोपंना झालंय. जरा थंडी दाखवावं म्हणालो."

शेजाऱ्याच्या झाडाला झोप येत नाही, यावर माणसानं कसला चेहरा करायचा हे मला कोणी शिकवलेलं नव्हतं. मी आधी जाऊन चूळ भरून आलो.

परत येऊन बघतो तर अंगणात पत्र्याच्या पिंपात कमरेएवढं झाड, त्याच्या चारी बाजूंनी काठ्या रोवून चादरी बांधलेल्या, आणि अण्णा आत वाकून पिंपाभोवती बर्फाचे तुकडे रचतायत. त्यांच्या मंडळी यशोदाअक्का पायरीवर बसून शेंगा फोडत होत्या.

"माझ्या दोन बाळंतपणात ह्यांनी एक तांब्या गार पाणी आणून दिलं न्हाय," अक्का मला म्हणाल्या. "आन् ह्याला लादी."

"हळू बोल की," चादरीच्या आतून आवाज आला. "आत्ता कुटं गार पडायलंय."

मी मूळचा बार्शीचा. सोलापूरच्या बाहेर बेदाण्याचं एक कोल्ड स्टोरेज आहे, तिथं मॅनेजर. माझ्या अंगात सांगण्यासारखा गुण एकच, तो म्हणजे झोप. मी एसटीत उभ्यानं झोपलोय, पाहुण्यांच्या वरातीत बँडच्या शेजारी झोपलोय, आणि बायको म्हणते की स्वतःच्या लग्नात अंतरपाटामागेही डुलक्या काढत होतो. त्यामुळे जागरणाचं दुःख, मग ते माणसाचं असो की झाडाचं, मला समजायला जरा वेळच लागला.

तर हे अंबादासअण्णा. वय सत्तरीच्या आसपास, अंगानं काडी, मिशी पांढरी आणि दोन्ही बाजूंनी अगदी सारखी. ती सारखी राहावी म्हणून ते रोज फूटपट्टी लावतात असं गल्लीत म्हणतात. मी पाहिलेलं नाही, पण माझा विश्वास आहे. अख्खा जन्म त्यांनी चादरी आणि टॉवेलवरची नक्षी काढण्यात घालवला. चादरीवर जे मोर नि कमळं दिसतात ती आधी ग्राफ कागदावर एकेक चौकोन रंगवून काढावी लागतात. मग त्याप्रमाणे पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची आणि त्या पट्ट्यांची माळ मागावर चढवायची. पट्ट्या फिरतील तसा मोर उतरत जातो. अण्णांनी आयुष्यभर त्या चौकोनात रंग भरला. आता सगळं कॉम्प्युटरवर होतं, पण अण्णांच्या मते कॉम्प्युटरच्या मोराला मान असते, ऐट नसते.

ह्या धंद्यात एक सोय आहे. नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी असली तर सगळी काढावी लागत नाही. डावा मोर काढला की उजवा मोर माग स्वतःच उलटा करून विणतो. अण्णांना ही सोय इतकी आवडली, की त्यांनी ती संसारालाच लावली. "निम्मं काढा," हे त्यांचं कायमचं पालुपद, "उरलेलं निम्मं आपोआप येतंय." मुलाचं शिक्षण असो, पोरीचं लग्न असो, तोंडी लावायला हेच. दारात एक तुळस होती, तर दुसऱ्या बाजूला दुसरी आणून लावली. भिंतीवर डावीकडे वडिलांचा फोटो होता आणि उजवी भिंत रिकामी, म्हणून तिथं वडिलांचाच आणखी एक फोटो. एकदा मी त्यांच्याकडे जेवायला गेलो तेव्हा ताटात डावीकडे शेंगाचटणी वाढलेली पाहून त्यांनी उजवीकडेही तेवढीच वाढायला लावली. ती तिखट होती. पण अण्णांच्या घरात तोल सांभाळायचा म्हणजे डोळ्यांतून पाणी काढायची तयारी ठेवावी लागते.

अशा माणसाच्या नशिबी हे लिंडनचं झाड आलं.

त्याचं असं झालं. अण्णा ज्या टॉवेलच्या कारखान्यात होते तिथं जर्मनीचं एक गिऱ्हाईक होतं. त्यानं एकदा ऑर्डर दिली की टॉवेलवर आमच्याकडच्या लिंडनची पानं हवीत. सोबत फोटो पाठवला. लिंडन म्हणजे तिकडे रस्त्याच्या कडेला, चौकात, शाळेपुढे लावतात ते मोठं सावलीचं झाड. पान पिंपळासारखं, पण शेपटी तोकडी आणि कडेला बारीक दाते. उन्हाळ्यात पिवळट फुलं येतात आणि वास असा सुटतो की मधमाश्या तिथून हलत नाहीत. अण्णांनी फोटो बघितला, सवयीप्रमाणे निम्मं पान काढलं आणि उरलेलं निम्मं मागावर सोडून दिलं. नमुना जर्मनीला गेला आणि परत आला. सोबत एक खरंखुरं सुकलेलं पान आणि निरोप, की तुमचं पान सुरेख आहे, पण हे आमच्या झाडाचं नाही.

अण्णांनी फूटपट्टी लावली. लिंडनच्या पानाच्या दोन बाजू सारख्या नसतातच. देठापाशी एक खांदा वर असतो, एक खाली. एक बाजू थोडी रुंद, दुसरी थोडी आखडलेली. अण्णा बराच वेळ त्या पानाकडे बघत बसले आणि मग मालकाला म्हणाले, "झाडाचं चुकलंय."

मालकानं त्यांना अख्खं पान काढायला लावलं. डावं वेगळं, उजवं वेगळं. ऑर्डर गेली, टॉवेल जर्मनीत कोणाकोणाच्या अंगाला लागले, पण अण्णांच्या मनातून ते पान गेलं नाही. निवृत्त झाल्यावर लोक काशीला जातात. अण्णांनी पुण्यातल्या मुलाच्या मागे लागून हिमाचलातल्या कुठल्याशा नर्सरीतून लिंडनचं रोप मागवलं. "एवढी पानं येतात त्याला," ते मला म्हणाले, "एक तरी सारखं निघंलच की."

रोप आलं ते लिंडनमधल्याही शोभेच्या जातीचं. नर्सरीवाल्यानं सांगितलं होतं की ह्याची खरी गंमत थंडीत. पानं गळून गेली की कोवळ्या काड्या केशरी-लाल होतात आणि बर्फात झाड पेटल्यासारखं दिसतं. आमच्या गल्लीत मे महिन्यात कडुलिंबसुद्धा सावली शोधतो, नळाला पाणी आलं की लोक एकमेकांना फोन करून सांगतात, तिथं हे पाहुणे आले. माझ्या मते ते पहिल्या उन्हाळ्यातच राम म्हणणार होतं. पण अण्णांनी त्याला वाचवलं. त्याच्या डोक्यावर हिरवी जाळी बांधली, पिंपाला ओलं पोतं गुंडाळलं, आणि घरातला कूलर उचलून अंगणात लावला. अक्का घरात पुठ्ठ्यानं वारा घेत बसायच्या आणि झाड कूलरपुढे डुलायचं.

प्रत्येक नवं पान उघडलं की अण्णा फूटपट्टी घेऊन हजर. एकही सारखं निघालं नाही. सुरुवातीला ते चिडायचे. नंतर चिडायचे थांबले आणि मला बोलावून दाखवायला लागले, "हे बगा मानेसाहेब, ह्याचा डावा खांदा वर हाय. कालच्याचा उजवा होता." एखाद्याची नातवंडं असतात तसं.

आता झोपेचं. इथं मला गल्लीची एक गोष्ट सांगायला हवी. अण्णांच्या घराच्या मागच्या भिंतीला लागून मागांचा कारखाना होता. अण्णा त्या घरात जन्मले तेव्हापासून त्या भिंतीपलीकडे खटखट चालूच. पाळणा त्या आवाजात हलला, लग्न त्या आवाजात झालं. त्या घरातली माणसं बोलायची ती सगळी जरा मोठ्यानं, त्याचंही कारण तेच. मग एके दिवशी कारखानदारानं माग भंगारात काढले आणि शेड मंडपवाल्याला भाड्यानं दिली. आता तिथं खुर्च्या ठेवतात, आणि खुर्च्या काही आवाज करत नाहीत. आम्ही सगळे खूष झालो. मी तर त्या दुपारी जो झोपलो तो दिवेलागणीलाच उठलो.

अण्णांची झोप मात्र त्या दिवशी गेली ती गेलीच. पडायचे, पण डोळा लागायचा नाही. कान पलीकडच्या भिंतीला. त्यांनी पंख्याच्या पात्याला लागेल अशी पुठ्ठ्याची पट्टी बांधून पाहिली. पंखा खटखट करायला लागला, पण त्याचा ताल मागाचा नव्हता, असं त्यांचं म्हणणं. मग अक्कांनी शिलाई मशीन काढलं. पायाच्या मशीनचा आवाज जरा मागाच्या वळणावर जातो. अक्का मशीन चालवायच्या आणि अण्णा डुलकी घ्यायचे. मशीन थांबलं की डोळे टक्क उघडे. नुसतं मशीन कशाला चालवायचं म्हणून अक्का उशांचे अभ्रे शिवायच्या. सगळ्या गल्लीला त्यांनी अभ्रे वाटले. माझ्या डोक्याखाली आजही अक्कांचा अभ्रा आहे, आणि त्यावर मला इतकी छान झोप लागते की कधी कधी लाज वाटते. शेवटी अक्कांचे गुडघे धरले आणि मशीन बंद झालं.

ह्याबद्दल अण्णांना काही विचारायची सोय नव्हती. "मला झोपेचं काय लागलंय," ते म्हणायचे. "म्हातारपणी झोप लागतच न्हाय माणसाला. माझं सोडा, ह्या झाडाचं बगा."

झाडाचं खरंच बिघडलं होतं. लिंडनला हिवाळा लागतो. थंडी पडली की त्यानं पानं टाकायची, महिना-दोन महिने गप्प झोपायचं आणि मग ताज्या दमानं नवी पालवी फोडायची, असा त्याच्या जातीचा नेम. सोलापूरच्या थंडीत स्वेटर घालायचा की नाही हे ठरेपर्यंत थंडी संपते. झाडाला काही कळेना. डिसेंबर आला, जानेवारी आला, तरी फाटकी-तुटकी पानं धरून ते ताटकळत उभं. काड्यांना लाल रंग चढायचं नाव नाही. दुसऱ्या वर्षीही तेच. नवी पालवी आली ती खुजी, पिवळी. अण्णांनी नर्सरीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, बाबूजी, ये सोया नहीं है, ऐसे थक जाएगा. अजून एक हिवाळा जागं राहिलं तर पुढच्या साली पालवी येणार नाही.

"झाड जागरणानं मरायलंय हो," अण्णा मला म्हणाले. त्यांचा आवाज इतका खाली आला होता की मी चेष्टा करायचं विसरलो.

म्हणून ती लादी. त्या तिसऱ्या हिवाळ्यात आठवडाभर रोज लादी आली. सकाळी कामावर निघताना मी विचारायचो, "काय अण्णा?" आणि अण्णा मान हलवायचे, "पडुकोलेदु." गल्ली निम्मी तेलुगू, त्यामुळे एवढं मलाही समजायचं. झोपलं नाही.

आठव्या दिवशी ते माझ्याकडे आले. आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, हातात दोन नारळ. एक चालला असता, पण ते अण्णा होते.

"मानेसाहेब, तुमच्या कोल्ड स्टोरेजला जागा हाय का?"

"कसला माल, अण्णा? बेदाणा घेतला की काय?"

"माल न्हाय. एकट्याला झोपायचंय."

मी हसलो. ते हसले नाहीत. मी म्हटलं, अण्णा, तिथं खोक्यांच्या थप्प्या असतात, हमाल असतात, मालक विचारेल हे काय आणलंस. अण्णा नारळांकडे बघत म्हणाले, "कोपऱ्यात उभं ऱ्हाईल. कुणाला कायबी बोलणार न्हाय ते." मालकाला मी सांगितलं की झाडावर प्रयोग चाललाय. मालकाला प्रयोग हा शब्द आवडतो, कारण त्यात त्याला काही करावं लागत नाही.

झाड हातगाडीवरून आलं. अंगावर मोरांची चादर, शेजारी अण्णा चालतायत, मागे अक्का. हमालांनी वाट करून दिली. आधी काही दिवस त्याला बाहेरच्या पॅसेजमध्ये ठेवलं, जिथं आतली गार हवा थोडी थोडी येते. एकदम थंडीत घातलं तर दचकंल, असं अण्णांचं मत. आणि काय सांगू, दहा-बारा दिवसांत पानं पिवळी झाली. मग एकेक गळायला लागली. अण्णा गळलेलं प्रत्येक पान उचलून खिशात घालत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद लपत नव्हता. झाड पानं टाकतंय म्हणून खूष होणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. शेवटचं पान पडलं त्या दिवशी झाड आत, बेदाण्याच्या खोलीच्या कोपऱ्यात गेलं. जाड दार लागलं. अण्णांनी दाराला कान लावला, मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पडुकुंदि."

झोपलं एकदाचं. मला वाटलं, सुटलो.

कसलं काय. दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णा सायकल मारत हजर. "बगायला आलो." मी म्हटलं, अण्णा, सारखं दार उघडून चालत नाही, थंडी जाते. "मग बाहेर बसतो की. झोपलेल्याला उटवायला थोडंच आलोय." खोलीच्या शेजारी आमची मशीन रूम आहे. तिथं गार करणारे कॉम्प्रेसर चालतात. मोठी चाकं, रुंद पट्टे आणि कानठळ्या बसवणारी धडधड. ऑपरेटर सोडून तिथं कोणी थांबत नाही, तोही कानात कापूस घालून दारात बसतो. अण्णांनी त्याच्या शेजारच्या बाकड्यावर बस्तान ठोकलं. रोज जेवण करून यायचे, उन्हं कलली की जायचे. हॉस्पिटलात पेशंटजवळ बसतात तसे. मी मनातल्या मनात म्हटलं, माणसाचं डोकं फिरायचं ते असं.

एकदा दुपारी अक्कांचा फोन आला. बँकेच्या कामाला अण्णांची सही हवी होती आणि अण्णा फोन उचलत नव्हते. मी त्यांना बोलवायला मशीन रूममध्ये गेलो. अण्णा बाकड्यावर भिंतीला टेकून बसले होते. मान एका बाजूला कललेली, तोंड अर्धवट उघडं, हात मांडीवर सैल. मी हाक मारली. पुन्हा मारली. जवळ जाऊन वाकलो, तर त्या सगळ्या धडधडीत एक बारीक आवाज वेगळा ऐकू आला. अण्णा घोरत होते.

ऑपरेटरनं कापूस काढून सांगितलं, "साहेब, रोजच झोपतेत की. आल्या आल्या."

मी बाहेर येऊन अक्कांना फोन केला. म्हटलं, तुम्हीच या. अक्का रिक्षानं आल्या, गुडघे सांभाळत पायऱ्या चढल्या आणि दारात थांबल्या. तिथूनच त्यांनी नवऱ्याला बघितलं. कॉम्प्रेसर धडधडत होता, खिडकीच्या काचा थरथरत होत्या, आणि अक्का माझ्याकडे वळून तोंडाला पदर लावत, उठायला नको म्हणून अगदी दबक्या आवाजात म्हणाल्या, "पडुकुन्नारु." झोपलेत.

मी म्हटलं, "सही?"

"ऱ्हाऊ दे हो सही," अक्का म्हणाल्या. "बँक उद्या बी हाय."

अण्णांना अर्थात हे मान्य नव्हतं. मी संध्याकाळी सहज म्हटलं, काय अण्णा, लागला होता वाटतं डोळा. तर म्हणाले, "छे, डोळे मिटून ऐकत होतो. डाव्या मशीनचा पट्टा सैल हाय तुमचा." आणि खरंच सैल होता. पण ते घोरत होते हेही तितकंच खरं. अक्कांनी मला डोळ्यांनी खुणावलं, की बोलू नका. मी बोललो नाही. रोज दुपारी त्यांच्या सायकलीची घंटी वाजली की मी स्वतः जाऊन बाकड्यावर रिकामी पोती घालून यायचो आणि वर म्हणायचो, झाड बरं आहे, अण्णा, या, बसा.

फेब्रुवारी उलटायला आला. नवा बेदाणा उतरायला लागला. मालक म्हणाला, खोली पूर्ण भरायचीय, प्रयोग आवरा. ते झाडाच्याही सोयीचंच होतं, त्याची झोप पुरी झाली होती. दार उघडून झाड बाहेर आणलं. एक पान अंगावर नव्हतं, आणि कोवळ्या काड्या टोकापर्यंत केशरी-लाल. हमालांनी पाठीवरची खोकी खाली ठेवून बघितलं. वाटाण्याएवढ्या कळ्या फुगलेल्या. झाड वाचलं होतं.

अण्णांनी एका काडीवरून बोट फिरवलं. मला वाटलं, आता पेढे. पण ते म्हणाले, "अजून आठ दिवस झोपू द्या की त्याला."

"जागा नाही हो अण्णा. आणि आता झोपलं तर कळ्या सडतील."

"व्हय," ते म्हणाले. "ते बी खरंच."

हातगाडी आली. अण्णांनी पिंपाला दोरी बांधली, मोरांची चादर गुंडाळली, सगळं अगदी नीट. मग "आलोच" म्हणून मशीन रूममध्ये गेले. मी मागोमाग गेलो तर ते बाकड्यापाशी उभे होते, भिंतीवर तळहात टेकवून. भिंत धडधडत होती. त्यांनी मला बघितलं, पण हात काढला नाही. म्हणाले, "आमच्या मागच्या भिंतीला बी असंच लागायचं, मानेसाहेब. हात ठेवला की."

मला आयुष्यात पहिल्यांदा माझ्या झोपेचा राग आला. हा माणूस स्वतःसाठी कधी येणार नव्हता. माझं सोडा, झाडाचं बघा, ह्यातच त्यानं जन्म काढला. तेव्हा मीही झाडाचंच बोललो. "अण्णा, घरी नेलं तर मे महिन्यात काय कराल? पिंपात मुळं कोंडलीत त्याची. इथंच लावू. मशीन रूमच्या मागे उत्तरेची भिंत आहे, तिथं दिवसभर ऊन येत नाही. वर मशीनचं पाणी गार करणारा टॉवर आहे, त्याचं पाणी उडून जमीन कायम ओली आणि हवा गार. अख्ख्या सोलापुरात ह्याला ह्याच्यापेक्षा चांगली जागा नाही."

"रोज बगाय कोण येणार?"

"तुम्हीच की. दुसरं कोण येणार?"

अण्णांनी विचार केल्यासारखं केलं. मग म्हणाले, "झाडासाठी म्हणून येईन. रोज न्हाय हां."

दुसऱ्या दिवशी खड्डा घेतला. खड्डा चौकोनीच हवा आणि चारी बाजू सारख्याच हव्यात, म्हणून फूटपट्टी आली. काळी माती बाहेर काढली, कारण ती उन्हाळ्यात तडकते आणि पावसाळ्यात पाणी धरून मुळं कुजवते. तळाला मुरूम, वर शेणखत नि पालापाचोळा मिसळलेली माती. त्यात गेल्या तीन वर्षांची लिंडनची सुकी पानं अण्णांनी पिशवीतून आणून स्वतः चुरून घातली. पिंप कापून मुळांचा गड्डा न फोडता आत ठेवला. माळशिरसच्या एका ट्रक ड्रायव्हरनं उसाचं पाचट आणून दिलं, ते बुंध्याभोवती पसरलं. अण्णा पाणी आणायला गेले तेव्हा अक्का पायाशी माती दाबत मला म्हणाल्या, "भाऊ, ते जागे असले की मला तरी कुटं झोप येती? एक जण कूस बदलतंय, दुसऱ्यानं काय करावं." आमच्या घरी एकच जण झोपतो आणि दुसरं माणूस त्याचं घोरणं ऐकतं, हे मला त्या क्षणी आठवलं आणि मी विषय बदलला.

अण्णा "रोज न्हाय" म्हणाले होते. रोज येतात. झाडाला तांब्याभर पाणी घालतात, नव्या पालवीला बोट लावतात, मग "जरा टेकतो" म्हणून मशीन रूममध्ये जातात. मशीन रूमच्या त्या उत्तरेच्या भिंतीच्या एका अंगाला झाड आणि दुसऱ्या अंगाला बाकडं. अजून उन्हाळा जायचाय, झाडाचं पुढं काय होईल ते मी छातीठोक सांगणार नाही. पण पानं आलीत, चांगली तळहाताएवढी, आणि प्रत्येकाचा एक खांदा खाली आहे.

परवा दुपारी ट्रक लागला म्हणून मी मागच्या बाजूला गेलो होतो. जाता जाता मशीन रूममध्ये डोकावलो. त्या दिवशी अक्का डबा घेऊन आल्या होत्या. डबा बाकड्यावर मधोमध, न उघडलेला. त्याच्या डावीकडे अण्णा भिंतीला टेकून झोपलेले, मान उजवीकडे कललेली, हातात फूटपट्टी. उजवीकडे अक्का झोपलेल्या, मान डावीकडे कललेली, मांडीवर पदराचा बोळा. कित्येक वर्षं ऐकत आलो होतो ते समोर दिसत होतं. निम्मं झोपलं होतं, आणि उरलेलं निम्मं आपोआप आलं होतं. अगदी सारखं काही नव्हतं. अक्का ठेंगण्या, त्यामुळे एक खांदा खाली होता.

बाहेर ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवणार तेवढ्यात मी धावत जाऊन त्याला थांबवलं. म्हटलं, थोडा वेळ थांब बाबा, आमच्याकडे दुपारचं कोणी उठवत नाही.